आरशाची उंची

आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा दारातून आत आल्यावर तिनं वॉकर टेकवला, पॅसेजच्या दोन्ही भिंती वरपासून खालपर्यंत पाहिल्या आणि विचारलं, “आरसा कुठंय?”

तिच्यामागे माझा धाकटा भाऊ बॅग घेऊन उभा होता. तो भोपाळजवळच्या मंडीदीपला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. बाबा गेल्यापासून आई त्याच्याकडेच असायची. बाथरूममध्ये पाय घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मग त्याचा फोन आला. ताई, भोपाळला दवाखाना जवळ पडतो, फिजिओवाला घरी येईल, काही महिने तुझ्याकडे ठेवूया का? मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण होतं, पण ते फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं.

“आरसा नाहीये,” मी म्हणाले.

“म्हणजे? बाहेर पडताना तोंड कुठं पाहतेस?”

“पाहत नाही.”

“ते दिसतंच आहे,” असं म्हणून ती वॉकर आपटत आत गेली.

भाऊ हसला. घरात काही अंगाशी येण्यासारखं बोललं गेलं की तो हसतो आणि मोबाइल काढतो. त्यानं मोबाइल काढला, गाडी चुकीच्या जागी लावली आहे असं सांगितलं आणि चहा न घेता गेला.

माझा फ्लॅट नेहरू नगरला आहे, तळमजल्यावर. दार उघडलं की लांबट, अरुंद पॅसेज. डाव्या हाताला चपलांचं कपाट आणि खुंट्या, उजवी भिंत पूर्ण कोरी. घर घेतल्यावर कुणीकुणी सुचवलं होतं की इथं एखादं पेंटिंग लाव, देवघर कर, आरसा लाव. मी काही लावलं नाही. बेसिनवर वहीच्या आकाराचा एक आरसा आहे, भांग पाडण्यापुरता. तेवढ्यावर माझं छान चाललं होतं.

आम्ही मूळचे नागपूरचे. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा आजोबा ऑफिसबरोबर इकडे आले, पुढे बाबाही सरकारी नोकरीतच लागले. माझं सगळं लहानपण सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. त्या क्वार्टरच्या दाराशी एक मोठा आरसा होता, आईच्या नागपूरच्या माहेराहून आलेला. बाहेर पडण्याआधी प्रत्येकानं त्याच्यासमोर थांबायचं हा आईचा नियम. बाबा आणि भाऊ केसांवरून हात फिरवून सुटायचे. मला मात्र ती मागून दोन्ही खांदे धरून उभी करायची.

“ओठ मीट. पूर्ण मीट. हं, आता हस. दात नको दाखवूस.”

माझे वरचे दात पुढे आहेत. रंग बाबांचा, उंचीही बाबांची. आई बुटकी, गोरी, नाकीडोळी नीटस. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, “मुलगी तुमच्यावर नाही गेली हो.” त्यावर आई पदर सारखा करत म्हणायची, “नाही ना. वडिलांवर गेली बिचारी.” हे म्हणताना ती खूश असायची. मी शेजारीच उभी असायचे, तिचा चेहरा मला खालून स्पष्ट दिसायचा.

मग मला बघायला लोक येऊ लागले. नकार आला की आई मला परत त्या आरशासमोर न्यायची आणि कारण दाखवायची. उज्जैनच्या एका मुलाशी माझ्या बऱ्याच गप्पा झाल्या होत्या. त्यानं त्याच्या बॉसची नक्कल केली आणि मी खळखळून हसले. आईनं सोफ्याच्या आडून मला चिमटा काढला. आठवड्यानं निरोप आला की पत्रिका जुळत नाही. बाबा म्हणाले, ठीक आहे, पत्रिका नाही जुळली. आई म्हणाली, “दात नाही जुळत असं कोण लिहील?”

त्यानंतर मी बघायला येणाऱ्यांसमोर बसणं बंद केलं. एम.पी. नगरमध्ये एका वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात नोकरी धरली आणि तिथंच टिकले. ‘गोरी, सुंदर, गृहकार्य में दक्ष’ अशा जाहिराती मी शेकड्यांनी छापल्या असतील. त्याचं मला काही वाटायचं नाही. ते काम होतं. पण घरी आल्यावर माझ्या कोऱ्या भिंतीशेजारून चालत जाताना मला रोज बरं वाटायचं.

आई आली आणि त्या भिंतीवर मोहीम सुरू झाली.

फिजिओवाला तिला पॅसेजमध्ये चालवायचा. ती त्याला सांगायची, “समोर आरसा असता तर मला कळलं असतं मी सरळ चालून राहिली की वाकडी.” तो माझ्याकडे पाहून म्हणायचा, “बात तो सही है, मॅडम.” कामवाल्या बाईला ती सांगायची की आमच्या घरात कधी आरशाशिवाय बाई राहिली नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी आल्या तर त्यांना सांगायची, “हिला आरशाचं वावडं आहे. लहानपणापासून.” वहिनी माझ्याकडे पाहायच्या आणि मग घाईनं दुसरीकडे.

मी एकदा म्हटलं, “तुझ्या खोलीत लावून देते एक.”

“खोलीत कशाला? मी खोलीत कुणासाठी नटू? बाहेर लाव. येणारा-जाणारा पाहील.”

शेवटी भावाचा फोन आला. “ताई, लाव ना एक आरसा. काय जातंय तुझं? मला रोज फोन येतो तिचा.”

“तुझ्याकडे तर होता ना आरसा, दाराजवळच? मग इथं का आणून सोडलंस तिला?”

मला वाटलं, नेहमीसारखा हसेल. पण हसला नाही, नंतर करतो म्हणाला आणि फोन ठेवला. त्याच्या न हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

रविवारी मी आईला घेऊन एम.पी. नगरमधल्या एका मोठ्या दुकानात गेले. एकदाचा आरसा घ्यावा आणि विषय संपवावा, एवढंच डोक्यात होतं. दुकानात तिन्ही भिंतींवर आरसेच आरसे. आत शिरल्या शिरल्या आम्ही दोघी चहूबाजूंनी दिसू लागलो. पुढे वॉकर धरलेली आई, मागे पर्स आणि तिची पाण्याची बाटली घेतलेली मी.

दुकानदार उठून आला. तोंडात पान, बोलणं साखरेसारखं. “आइए, आइए. दोनों बहनें हैं क्या?”

आईनं पंच्याहत्तरी ओलांडलीय. मी पन्नाशीच्या थोडी पुढे. आई त्या माणसाकडे बघून अशी हसली की ऑपरेशननंतर मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. “बेटी है मेरी,” ती म्हणाली. त्यानं कानाला हात लावला. “माफ कीजिएगा अम्मा, लगता नहीं.” पुढचे दोन महिने हा किस्सा आमच्या घरात आलेल्या प्रत्येक माणसानं ऐकला. गॅस सिलिंडरवाल्यानंसुद्धा.

त्यानं आधी दिव्याचा आरसा दाखवला. काचेच्या कोपऱ्याला बोट लावलं की कडेनं पांढरा उजेड लागायचा. आईनं बोट लावलं. उजेड लागला आणि तिच्या चेहऱ्यावरची एकूण एक सुरकुती, हनुवटीवरचे केस, डोळ्यांखालच्या पिशव्या सगळं लख्ख दिसलं. तिनं पटकन पुन्हा बोट लावून दिवा घालवला.

“हा नको. हा उजेड माणसाला म्हातारं करतो.”

मला हसू आलं. मी ते दाबलं नाही.

मग त्यानं उभा आरसा काढला, डोक्यापासून पायापर्यंतचा. मला तो बरा वाटला. त्यात दोघींची सोय झाली असती, पुन्हा वाद नको. “हा घेऊ,” मी म्हटलं. आई त्याच्यासमोर क्षणभर थांबली. वॉकरचे चार पाय, त्यांच्यामध्ये तिचे दोन, त्यातला उजवा बाहेरच्या बाजूला पडलेला आणि साडीचा काठ एका बाजूनं वर चढलेला. तिनं मान फिरवली.

“कपड्याच्या दुकानात लावतात असले. घरात काय करायचंय?”

“तुला दिसेल, मलाही दिसेल.”

“तुला कुठं पाहायचंय? तुला तर पाहायचंच नाही म्हणतेस.”

“मग तुझ्यासाठीच घेतेय ना!”

“माझ्यासाठी घेऊन राहिली तर मला विचार. मला तो हवा.” तिनं सोनेरी वेलबुट्टीच्या फ्रेमकडे बोट केलं. तो आरसा एखाद्या हलवायाच्या दुकानात शोभला असता.

“तसला माझ्या घरात नाही लागणार.”

“हो, घर तुझंच आहे. सांगत जा रोज.”

आमचा आवाज चढला होता. मराठीत भांडत होतो तरी दुकानदाराला सगळं कळत होतं. भोपाळमध्ये मराठीत काही लपत नाही. त्यानं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि आमची समजूत घालायला म्हणाला, “आंटी, ये वाला ले लीजिए. पूरी फॅमिली दिखेगी.”

“पूरी फॅमिली यही है,” आई म्हणाली, माझ्याकडे हात करून. ते तिनं ज्या सुरात म्हटलं, तो ऐकून मी वाद सोडला. मी भिंतीवरचा जो पहिला साधा आरसा दिसला तो घेतला. तपकिरी फ्रेम, खिडकीएवढा. तिलाही आवडला नव्हता आणि मलाही. रिक्षात ती बाहेर बघत बसली आणि मी दुसऱ्या बाजूनं बाहेर बघत बसले.

आरसा बसवायला माणूस आला तेव्हा आई दुपारची झोपली होती. त्यानं विचारलं, “कितना ऊपर, मॅडम?” मी भिंतीशी उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांच्या रेषेत हात ठेवला. “इतना.” तो म्हणाला, घरात उंचीनं कमी कुणी असेल तर थोडा खाली घेऊ या. मी म्हटलं, नाही, बरोबर आहे. हे मी जाणूनबुजून केलं आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही. वॉकरवर वाकून उभी राहिलेली आई माझ्या खांद्यापर्यंतसुद्धा येत नाही.

ती उठून बाहेर आली. आरशासमोर जाऊन उभी राहिली. तिला त्यात पांढऱ्या केसांतला तिचा भांग दिसत होता आणि वरचं छत.

“हा आरसा आहे की छताजवळचं रोशनदान?”

“घरातल्या माणसाच्या उंचीनं लावलाय.”

“मी घरातली नाही काय?”

मी चहा ठेवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर आरसा खाली आलेला. भिंतीवर जुन्या स्क्रूंची दोन भोकं उघडी आणि त्यांच्या बरंच खाली आरसा. आईनं कामवाल्या बाईकडून त्या माणसाचा नंबर मिळवला, त्याला बोलावलं, आपल्या उंचीवर लावून घेतला आणि शिवाय स्वयंपाकघरातली एक खुर्ची समोर आणून ठेवली. ती त्या खुर्चीत बसलेली होती, पावडर लावून, टिकली लावून.

मी चपला काढल्या आणि आरशात पाहिलं. माझ्या मानेपासून खालचं सगळं दिसत होतं. कुर्ता, ओढणी, पर्सचा पट्टा. डोकं नव्हतं.

“आता कसं,” आई म्हणाली. “नीट दिसतंय.”

तिला वाटलं मी चिडेन, परत वर लावायला लावीन. मी पर्स खुंटीला अडकवून आत गेले. मला माझं तोंड पाहायचं नव्हतं आणि तिनं नेमकी तशीच सोय करून दिली होती. रात्री जेवताना मी इतकी मजेत होते की ती दोनदा माझ्याकडे संशयानं बघून राहिली.

पण तिनं त्यातूनही वाट काढली. सकाळी मी निघायच्या वेळेला ती खुर्चीत येऊन बसायची. मी दाराकडे जाताना ती माझ्याकडे वळून पाहायची नाही, आरशातून पाहायची. “ओढणी एका बाजूनं लोंबते आहे.” “हा रंग तुला कुणी घ्यायला सांगितला?” “पोट किती सुटलंय, आरशात कळतं बघ.” मी दार आपटून जायचे. ऑफिसात पहिला तासभर माझ्याशी कुणी बोलायला यायचं नाही. संध्याकाळी परत आले की मी मुद्दाम पॅसेजमधला दिवा न लावता आत जायचे. ती म्हणायची, “दिवा लाव ना, पडेन मी.” मी म्हणायचे, “तू उठूच नकोस.”

असे आम्ही पावसाळ्यापर्यंत आलो.

मग एका रविवारी भाऊ आला. एकटाच. त्याची मुलगी अकरावीत गेली होती आणि तिला एम.पी. नगरमधल्या कोचिंगला घातलं होतं. मंडीदीपहून रोज जाणं-येणं झेपत नव्हतं. माझ्याकडे राहिली तर सोमवार ते शुक्रवार निभेल, असं त्याला सुचवायचं होतं. पण तो सुचवत नव्हता, नुसता घोळत होता.

“ठेव की,” मी म्हटलं. “माझ्या खोलीत झोपेल.”

“आई आहे ना इथं.”

“मग?”

त्यानं आईच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, माझ्यामागून स्वयंपाकघरात आला आणि नळ सोडून त्या आवाजात सांगितलं. मुलीच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या होत्या, त्या वयात येतात तशा. आई तिला रोज शाळेत निघताना आरशासमोर उभी करायची. हे बघ, इथं अजून आल्या, इथं डाग पडला, हे जात नाहीत आयुष्यभर. हळूहळू पोरगी डबा तसाच परत आणू लागली. मग तिनं मास्क लावायला सुरुवात केली. कोरोना जाऊन इतकी वर्षं झाली, शाळेत कुणी मास्क लावत नव्हतं, पण ही घरातसुद्धा काढेना. बापासमोरही नाही. शेवटी त्याची बायको म्हणाली, एकतर या घरात आई राहतील नाहीतर मी.

“दवाखाना जवळ पडतो म्हणालास मला,” मी म्हटलं.

“तो पडतोच ना,” तो म्हणाला, आणि यावेळी हसला.

मला त्याला थोबाडीत मारावीशी वाटली. मी नळ बंद केला. “तिला उद्या घेऊन ये,” म्हटलं.

भाची आली. उंच, सडपातळ, पाठीला बॅग, तोंडावर काळा मास्क. ‘आत्या’ म्हणून वाकून नमस्कार केला, आवाज मास्कमधून दबका आला. मी तिला माझ्या खोलीतलं कपाट मोकळं करून दिलं आणि आईला स्वच्छ शब्दांत बजावलं, “तिला काही बोलायचं नाही.” आई म्हणाली, “मी कशाला बोलू? मी काय तिची वैरी आहे?” पहिला दिवस बरा गेला. पोरगी जेवली माझ्या खोलीत, ताट घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या करत होते. पॅसेजमधून आईचा आवाज आला.

“मास्क काढ. घरात कसला मास्क?”

“राहू दे ना, आजी.”

“काढ म्हणते ना. ये, अशी समोर ये. खाली वाक, मला दिसू दे. बघ. बघितलंस? काय करून ठेवलंस तोंडाचं. ह्या तोंडानं क्लासला जाणार? पोरं हसत नाहीत?”

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. आरसा आईच्या उंचीचा, म्हणून पोरगी त्याच्यासमोर गुडघे मोडून अर्धवट वाकली होती. मास्क एका कानाला लोंबत होता. आईनं खुर्चीतूनच हात लांब करून तिची हनुवटी धरली होती आणि चेहरा काचेकडे वळवला होता. पोरीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी कधी डोळे मिटले नव्हते. मला ते सुचलंच नव्हतं.

“हात काढ,” मी म्हणाले.

“तू पोळ्या कर. आमचं बोलणं चाललंय.”

“आई, हात काढ तिच्या तोंडावरचा.”

तिनं हात काढला. पोरगी सरळ झाली आणि भिंतीला टेकली.

“तिच्या भल्याचं बोलून राहिली मी,” आई म्हणाली. “घरातलं माणूस आधी बोललं की बाहेरच्याचं लागत नाही. उद्या जग बोलेल तेव्हा हिला सवय पाहिजे. तुलाही त्याचसाठी बोलायची.”

“जग काही बोललं नाही, आई.”

“काय?”

“इतकी वर्षं नोकरी केली. हजार माणसं भेटली. माझ्या दातांवरून मला एक माणूस एक शब्द बोलला नाही. जे काय ऐकलं ते फक्त तुझ्याकडून.”

“तोंडावर कोण बोलतं? मागून बोलतात.”

“मागून बोलले ते मला ऐकू आलं नाही. तुझं ऐकू आलं.”

तिचा चेहरा लाल झाला. “हे कधीपासून साठवून ठेवलंस? पोरीसमोर काढायचं होतं? तू जळतेस माझ्यावर. लहानपणापासून जळतेस.”

“हो, जळायचे. आता सांग, कशावर जळू?”

हे बोलताना मी आरशातल्या तिच्याकडे पाहत होते, म्हणून तिलाही तिकडे पाहावं लागलं. पावडर नुसती एका गालाला लागली होती. मी तिला तसंच पाहू दिलं. वाईट वाटायला हवं होतं, पण तेव्हा वाटलं नाही.

तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला. मी आत जाऊन गॅस बंद केला, हात धुतले, परत आले आणि आरसा दोन्ही बाजूंनी धरून वर उचलला. एका बाजूचा हुक सुटला, दुसरा अडकला. आरसा जड होता आणि तिरपा झाला. भाचीनं आधी मास्क वर ओढला आणि मग पुढे होऊन दुसरी बाजू धरली.

“कुठे ठेवायचा, आत्या?”

“आजीच्या खोलीत.”

आम्ही तो आईच्या खाटेसमोरच्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला. आई वॉकर घेऊन मागून आली आणि खाटेच्या कडेला बसली. तिला धाप लागली होती.

“हा तुझा,” मी म्हणाले. “हवं तितकं बघ. पण दुसऱ्या कुणाला त्याच्यासमोर उभं करायचं नाही. या घरात कुणी कुणाच्या दिसण्याबद्दल बोलायचं नाही. रंग नाही, दात नाही, पुटकुळ्या नाही, वजन नाही.”

आईनं विचारलं, “मग बोलायचं काय?”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. आणि उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं की मलाही सांगता येत नाहीये. तिच्याशी दुसरं काही बोलल्याचं मला आठवेना. भाचीला क्लासला उशीर होत होता, त्या निमित्तानं मी खोलीबाहेर पडले.

संध्याकाळी आईनं मुलाला फोन लावला, स्पीकरवर, मला ऐकू जावं म्हणून. “मला घेऊन जा इथून. ही मला छळून राहिली.” पलीकडे कारखान्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, “आई, आता तिथंच राहा.” हे वाक्य त्यानं न हसता म्हटलं. आईनं फोन उशाखाली सरकवला आणि जेवायला आली नाही. दुसऱ्या दिवशीही ताट खोलीतच मागितलं.

पुढचे दिवस घर इतकं शांत होतं की समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी विचारलं, आजी बऱ्या आहेत ना. आई पॅसेजमध्ये चालायची तेव्हा रिकाम्या भिंतीकडे बघायची नाही. एखाद दिवशी मी निघताना तिचं तोंड उघडायचं, “ही ओढणी...” आणि मग ती मिटायची. “काही नाही.” मी वळून विचारायचे नाही. ती जे गिळत होती ते मला ठाऊक होतं, आणि ती ते गिळतेय याचं मला बरंच वाटत होतं.

भाची राहिली. घरी ती मास्क कधी काढते, कधी नाही. मी विचारत नाही. तिच्याकडे टक लावून पाहत नाही आणि पाहायचं टाळतही नाही. ही कसरत मला अजून नीट जमलेली नाही. ती माझ्याकडे बघायला लागली की माझी नजर आपोआप पोळ्यांच्या डब्यावर जाते.

आईला बोलायला विषय मिळाले, पण ते मिळायला दिवाळी उजाडली. बाई फरशी कशी ओली सोडते. मी टीव्ही किती हळू ठेवते. फिजिओवाला घड्याळ बघून व्यायाम करवतो. मी प्रत्येक गोष्टीला उलट उत्तर देते आणि तीही सोडत नाही. मागच्या गुरुवारी ती आमच्याबरोबर टेबलावर जेवायला बसली. पहिला घास घेऊन म्हणाली, “वरण अगदी पाणी झालंय.”

“आजी, वरण मी केलंय,” भाची म्हणाली.

आईनं चमचा खाली ठेवला. मी तिच्याकडे रोखून पाहिलं.

“मग नीट शिक की,” आई म्हणाली. “पण शिकवणार कोण? आत्याला कुठं येतं.”

मला येतं. मी वरण चांगलं करते आणि ते मी तिला तिथल्या तिथं सुनावलं. हिंग आधी की हळद आधी, यावर ती म्हणाली नागपूरला असं कुणी करत नाही. मी म्हटलं नागपूर सोडून तुला पन्नासच्या वर वर्षं झाली. भाची जेवली, ताट उचललं आणि अभ्यासाला निघून गेली. आमचे हात ताटात वाळले तरी आम्ही भांडत होतो.